पदवीनंतरची नोंदवही



व्यवसायोपचाराच्या, म्हणजेच ऑक्युपेशनल थेरपीच्या महाविद्यालयात स्नेहसंमेलनाच्या दिवशी व्यवसाय-नोंदणीसारखा रूक्ष विषय मांडला जावा, हे नाच-गाण्यांची वाट पाहणाऱ्या सभागृहाला काहीसे अन्यायाचे वाटेल. तथापि नोकरीच्या अर्जाला जोडायचा एक कागद एवढ्याच दृष्टीने अनेक पदवीधर या नोंदणीकडे पाहतात, आणि ही समजूत शिक्षण चालू असतानाच दूर होणे इष्ट आहे.

आजार, अपघात किंवा जन्मजात दोष यांमुळे ज्यांना जेवणे, कपडे घालणे, लिहिणे, कामावर जाणे अशा नित्याच्या क्रिया अवघड झाल्या आहेत, त्यांना त्या क्रियांच्याच साहाय्याने शक्य तितके स्वावलंबी करणे हे व्यवसायोपचाराचे कार्य होय. या शास्त्राचे भारतातील पहिले विद्यालय १९५० मध्ये मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात सुरू झाले, आणि त्यामागे जन्माने अमेरिकन असलेल्या, विवाहानंतर भारतात स्थायिक झालेल्या कमला निंबकर यांचे परिश्रम होते. फलटणच्या कमला निंबकर बालभवन या शाळेचे नाव अनेकांना ठाऊक असते. त्या नावामागचे हे कार्य मात्र फारच थोड्यांना माहीत असते. १९५२ मध्ये या व्यवसायाचा जागतिक महासंघ स्थापन झाला, तेव्हा त्याच्या संस्थापक सदस्यांत भारत होता. असे असूनही ज्या राज्यात हे शिक्षण प्रथम रुजले, त्या राज्यात या व्यावसायिकांची नोंदणी करणाऱ्या व्यवसायोपचार व भौतिकोपचार (फिजिओथेरपी) परिषदेचा अधिनियम २००२ सालचा आहे. दिल्लीचा तशाच स्वरूपाचा कायदा त्याआधी, १९९७ मध्ये झाला होता. अर्धशतकाचा हा विलंब महाराष्ट्राला भूषणावह म्हणता येणार नाही.

या विलंबाचे गांभीर्य ध्यानात येण्यासाठी या उपचारातील चूक कशी घडते ते पाहिले पाहिजे. हाताचा तुटलेला स्नायुबंध, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरीसारखी ऊती, शल्यचिकित्सकाने जोडल्यानंतर हाताला स्प्लिंट, म्हणजे सांधा ठरावीक स्थितीत धरून ठेवणारा आधार, बसवावा लागतो आणि बोटांची हालचाल मोजूनमापून सुरू करावी लागते. ती अकाली वा अधिक झाली तर जोड तुटतो, आणि फार उशिरा झाली तर स्नायुबंध भोवतालच्या ऊतींना चिकटून बोट आखडते. मेंदूच्या पक्षाघाताने बाधित बालकाच्या बाबतीत तर चूक लवकर दिसतही नाही, कारण तेथे जखम होत नाही, रक्त येत नाही. चुकीच्या उपचारात केवळ वाढीची मोलाची वर्षे निघून जातात, आणि मूल मुळातच अधिक अधू असावे असे समजून पालक गप्प बसतात. ज्या व्यवसायातील हानी अशी निमूट असते, तेथे उपचार करणारा कोण आणि तो कोणाला उत्तरदायी, हे रुग्णाला आधीच कळणे अत्यावश्यक ठरते. विद्यार्थी काय शिकला याची साक्ष विद्यापीठाची पदवी देते. पुढे तो कसा वागतो याचा जाब विचारण्याचा अधिकार मात्र नोंदवही राखणाऱ्या परिषदेकडे असतो, आणि गंभीर गैरवर्तन सिद्ध झाल्यास ती त्याचे नावही वगळू शकते.

२०२१ च्या राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग अधिनियमाने केंद्रीय आणि राज्य पातळीवरील नोंदवह्यांची व्यवस्था घालून दिली असून सामाईक निर्गम किंवा परवाना परीक्षेचीही तरतूद केली आहे. अमेरिकेत अशी राष्ट्रीय परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर, ज्या राज्यात काम करायचे त्या राज्याचा परवाना वेगळा घ्यावा लागतो. ब्रिटनमध्ये तर नोंदणीवाचून या व्यवसायाचे नाव लावणे हाच गुन्हा ठरू शकतो. आपल्या कायद्यातील परीक्षेच्या तरतुदीचे स्वागतच केले पाहिजे. परंतु स्प्लिंट बसवणाऱ्या हाताचे कौशल्य पर्यायी उत्तरांच्या प्रश्नपत्रिकेत उतरत नाही, आणि जागतिक महासंघाने किमान १००० तासांच्या पर्यवेक्षित प्रत्यक्ष कामाचा जो निकष ठेवला आहे, तोच अधिक विश्वासार्ह म्हणावा लागतो. इंटर्नशिपचे तास केवळ सहीपुरते भरणारा विद्यार्थी याच निकषाला बगल देत असतो, हे येथे स्पष्टपणे सांगणे भाग आहे.

म्हणून पालकांनी पाल्याला उपचारासाठी नेताना तज्ज्ञाचा नोंदणी क्रमांक विचारण्यास संकोच करू नये, आणि तो विचारला गेल्यास तज्ज्ञानेही त्यात अपमान मानू नये. इंटर्नशिप पूर्ण होताच विद्यार्थ्यांनी परिषदेकडे अर्ज करावा, नोंदणी हाती येईपर्यंत स्वतंत्रपणे रुग्ण घेऊ नयेत, आणि क्रमांक मिळाल्यावर तो दारावरच्या पाटीवर व प्रत्येक केसपेपरवर ठळकपणे लिहावा.