'लागत नाही' म्हणजे नेमके कोठे थांबते?

(संस्थेच्या वार्षिक समारंभात पालक व विद्यार्थ्यांसमोर दिलेले व्याख्यान)



विषयाचे नाव ऐकून मागच्या रांगेतील काही मुले हसली. त्यांचे हसणे रास्त आहे. टेलिफोनच्या तारेवरून इंटरनेट जोडणारा मोडेम त्यांनी पाहिलेला नाही, आणि ज्यांनी पाहिला त्यांच्या घरी तो आता माळ्यावर पडला असेल किंवा केव्हाच भंगारात गेला असेल. तरीही मी आज त्याच्याविषयीच बोलणार आहे. बिघाड कसा शोधावा हे शिकवणारे त्याच्याइतके चांगले यंत्र माझ्या पाहण्यात दुसरे नाही. आज आपल्या घरांतून 'नेट चालत नाही' एवढे एकच वाक्य ऐकू येते. मुलीचा शिष्यवृत्तीचा अर्ज अडलेला असतो, महाडीबीटीची मुदत संपत आलेली असते, वडील दुकान सोडून धावत येतात, आणि नेमके काय बिघडले हे घरात कोणालाच सांगता येत नाही. मोडेमच्या काळी लोक असेच म्हणत, 'लागत नाही'. फरक इतकाच की, मोडेम आपले दुखणे मोठ्याने बोलून दाखवीत असे. ऐकणारा मात्र हवा होता.

थोडी पार्श्वभूमी सांगतो. सर्वसामान्यांसाठी इंटरनेट विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू केले, तेही आरंभी मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास या चार महानगरांत. औरंगाबादहून कोणाला जोडायचे झाले तर एसटीडी लावणे भाग होते. रात्री अकरानंतर एसटीडीचा दर चौथाईवर येई, म्हणून हौशी मंडळी त्या वेळेची वाट पाहत जागत. १९९८ मध्ये खाजगी कंपन्यांना हे क्षेत्र खुले झाले, आणि पुढे आपल्यासारख्या शहरांतही स्थानिक कॉलवर इंटरनेट मिळू लागले. तरी पैशाचा प्रश्न सुटला नव्हता. पलीकडच्या मोडेमने फोन उचलला की आपल्या मीटरवर कॉल पडत असे. मग पासवर्ड चुकून जोडणी तुटली तरी तो कॉल मोजला जाई. दहा वेळा आंधळेपणाने प्रयत्न करणे म्हणजे दहा कॉल बिलावर चढवणे. पगारदार माणसाच्या घरात ही गोष्ट लहान नव्हती.

आता हे यंत्र करते काय ते पाहू. संगणकाची भाषा शून्य आणि एक यांची. टेलिफोनची तार व एक्स्चेंज माणसाच्या आवाजासाठी बांधलेली, म्हणजे सुमारे ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढ्याच पट्ट्यातले स्वर त्यातून जातात. मोडेम शून्य-एकचे स्वर करतो आणि पलीकडून आलेल्या स्वरांचे पुन्हा शून्य-एक करतो. जोडणीच्या वेळी जी किंकाळी आणि खरखर ऐकू येई ती दोन यंत्रांची बोलणी असत. तुला किती वेग झेपतो, तार कशी आहे, आवाज कितपत स्वच्छ येतो, अशी विचारपूस चालू असे. ही बोलणी ठरलेल्या क्रमाने होत. साहजिकच बिघाड शोधण्याचा क्रमही ठरून गेला होता. यंत्र कोणत्या पायरीवर थांबले, एवढेच ओळखायचे.

पहिली पायरी म्हणजे मोडेम जिवंत आहे की नाही. १९८१ मध्ये अमेरिकेतील हेज कंपनीने आपल्या मोडेमसाठी आज्ञांची एक पद्धत काढली, आणि बहुतेक सर्व कंपन्यांनी ती उचलली. संगणकावरून 'एटी' ही दोन अक्षरे टाइप करायची. एटी म्हणजे 'लक्ष दे'. मोडेम 'ओके' म्हणाला तर संगणकापासून मोडेमपर्यंतचा रस्ता ठीक. हा एक मिनिटाचा प्रयोग करण्याआधीच पुष्कळ ठिकाणी विंडोज पुन्हा भरली जाई. दुरुस्ती करणाऱ्यास त्याचे पैसे मिळत, म्हणून तोही आक्षेप घेत नसे!

दुसरी पायरी डायल टोनची, आणि येथे सर्वांत अधिक लोक फसत. पडद्यावर त्रुटी क्रमांक ६८० येई, म्हणजे डायल टोन नाही. गृहस्थ रिसीव्हर उचलून पाहत, तर टोन व्यवस्थित येत असे. मग मोडेम खोटारडा ठरून बदलला जाई. प्रथम पाहायचे ते हे की, भिंतीतून आलेली वायर मोडेमच्या 'लाइन' लिहिलेल्या भोकात आहे की 'फोन' लिहिलेल्या. दुसरे, घरातला एखादा पॅरलल फोन उचलून तर ठेवलेला नाही ना. आणि तिसरे कारण मोठे गमतीचे आहे. अमेरिकेतील डायल टोन ३५० व ४४० हर्ट्झचे दोन स्वर मिळून होतो. आपल्याकडचा ४०० हर्ट्झचा, किंचित थरथरणारा. परदेशी बाजारासाठी बनलेल्या काही मोडेमना हा आपला टोन ओळखूच येत नसे. यंत्र निर्दोष, तारही निर्दोष, पण दोघांची ओळख नाही. उपाय एका आज्ञेचा होता. 'एटीएक्स३' दिले की मोडेम टोनची वाट न पाहता सरळ नंबर फिरवी.

नंबर फिरवूनही डायल टोन तसाच चालू राहिला तर एक्स्चेंजला नंबर समजला नाही असे जाणावे. जुन्या यांत्रिक एक्स्चेंजना पल्स, म्हणजे तुटक ठोके कळत. नव्यांना स्वर कळत. मोडेमला योग्य ती पद्धत सांगावी लागे. कचेरीत शून्य दाबून बाहेरची लाइन घ्यायची असेल तर शून्यानंतर स्वल्पविराम टाकावा लागे, म्हणजे मोडेम दोन सेकंद थांबे. ६७६ म्हणजे पलीकडची लाइन व्यग्र. तेथे आपल्या घरात काहीही उलटापालट करण्याचे कारण नाही.

खरी परीक्षा पुढे, किंकाळी सुरू होऊन मध्येच कोलमडे तेव्हा. याचा अर्थ दोन्ही यंत्रे भेटली, पण त्यांना एकमेकांचे नीट ऐकू येईना. आपल्या जुन्या वस्तीत हे पावसाळ्यात हटकून घडे. रोशन गेट भागातील एका घरी मी असे पाहिले की, एका हंगामात दोन मोडेम बदलून झाले होते आणि तिसरा आणण्याची तयारी चालली होती. घरातील थोरला मुलगा बारावीला होता. त्याला मी एक साधी गोष्ट करायला सांगितली. रिसीव्हर उचल, एकच आकडा दाब म्हणजे टोन थांबेल, आणि शांततेत काय ऐकू येते ते ऐक. त्याने ऐकले आणि म्हणाला, 'अंकल, चणे भाजल्यासारखी कडकड येते.' मग घरात वायर जेथे शिरते त्या पेटीपाशी बाकी सर्व जोड काढून एकच फोन लावला, तर आवाज स्वच्छ. म्हणजे बाहेरची तार निर्दोष, दोष घरातच. गच्चीवरच्या खोलीत नेलेल्या पॅरलल वायरचा जोड नुसता पीळ देऊन चिकटपट्टीने बांधला होता आणि तो भिजत होता. तो जोड सोडवला आणि मोडेम लागला. आधीचे दोन्ही मोडेम एका डब्यात होते. त्यांतला एक तपासला तर चांगला निघाला. दुसरा मात्र विजेच्या कडकडाटात खरोखरच जळलेला होता. तेव्हा बदलणाऱ्याची अगदीच चूक होती असेही म्हणता येत नाही.

तार सुधारता येत नसेल तर वेग उतरवावा. १९९८ मध्ये ५६ हजारांचे व्ही-९० हे मानक आले आणि खोक्यांवर तो आकडा मोठ्या अक्षरांत छापला जाऊ लागला. तो वेग एक्स्चेंज डिजिटल आणि तार स्वच्छ असेल तेव्हाच, आणि तोही फक्त आपल्याकडे येणाऱ्या माहितीला. खराब तारेवर ५६ हजारांचा हट्ट धरणारा मोडेम मिनिटामिनिटाला तुटे. तोच २८,८०० वर बांधून ठेवला की तासभर टिके. निकालाच्या दिवशी टिकण्याला महत्त्व, वेगाला नव्हे.

आवाज थांबून मग ६९१ आला तर तार, मोडेम, एक्स्चेंज सारे ठीक आहे. नाव वा पासवर्ड चुकला, किंवा कॅप्स लॉक चालू राहिला, किंवा विकत घेतलेले तास संपले. येथे वायर हलवणारा माणूस वेळ घालवतो.

विद्यार्थी मित्रांनो, या सर्व शोधात एक पथ्य पाळावे लागे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि काय झाले ते वहीत लिहायचे. वायर, वेग आणि पासवर्ड एकदम बदलून जोडणी लागली, तर दोष कशात होता ते कळत नाही, आणि पुढच्या पावसात पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. हे घरातल्या मुलांनी करावे, विशेषतः मुलींनी. यंत्राला हात लावू नकोस असे आपण मुलींना फार लवकर सांगतो आणि मग अर्ज भरण्यासाठी त्यांना भावाची वाट पाहायला लावतो.

आता आजच्या घराकडे येऊ. भिंतीवरचा फायबरचा डबा बोलत नाही, पण त्याला दिवे आहेत. 'एलओएस' लिहिलेला दिवा लाल असेल तर बाहेरून येणारा प्रकाशच पोहोचत नाही. डबा पुनःपुन्हा बंद-चालू करून उपयोग नाही, एकदा त्याची बारीक वायर दुमडली आहे का पाहावे आणि तक्रार करताना 'नेट नाही' असे न म्हणता 'एलओएस लाल आहे' असे सांगावे. दिवे ठीक असून मोबाइलवर वायफाय दिसत नसेल तर दोष घरात. सर्व ठीक असून एकच संकेतस्थळ उघडत नसेल, तर तेच पान मोबाइलच्या डेटावर उघडून पाहावे. तेथेही उघडले नाही तर दोष बहुधा पलीकडे आहे. अशा वेळी तारीख आणि वेळ दिसेल अशा रीतीने पडद्याचा फोटो काढून ठेवावा. अर्जाची मुदत त्याच दिवशी संपत असेल तर महाविद्यालयाच्या कार्यालयात दाखवायला हातात काहीतरी राहील.