वीज वाहणारी काच



काचेतून उजेड जातो, वीज जात नाही. तांब्यातून वीज जाते, उजेड जात नाही. मग मोबाईलच्या काचेतून चित्रही दिसते आणि तिला बोटाचा स्पर्शही कळतो, हे कसे? बहुतेक अशा काचांवर इंडियम व कथील यांच्या ऑक्साइडचा, केसाहून शेकडो पट पातळ थर असतो. हा दुहेरी गुण जर्मनीत कार्ल बेडेकर यांनी १९०७ साली कॅडमियम ऑक्साइडमध्ये दाखविला.

इंडियम दुर्मिळ आणि महाग. म्हणून नुसत्या कथिलावरही संशोधन चालते. आपल्या कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात ते झाले आहे. रीत पाहा. डाळिंबावर औषध मारावे तसे कथिलाच्या क्लोराइडचे द्रावण सुमारे ४५० अंश तापलेल्या काचेवर फवारतात. ऑक्साइडचा थर बसतो. द्रावणात फ्लोरिनचा क्षार मिसळला, की काही ऑक्सिजन अणूंच्या जागी फ्लोरिन बसते, इलेक्ट्रॉन मोकळे होतात आणि वीज वाहते. या फवारणीवर तेथील प्रा. पी. एस. पाटील यांनी १९९९ साली लिहिलेल्या आढाव्याचा आधार परदेशी संशोधकही घेतात.

पालकहो, विज्ञान म्हणजे केवळ परदेशची, श्रीमंतांची मिरास नव्हे. कोल्हापूर श्रीरामपूरहून एस.टी.च्या एका दिवसाच्या वाटेवर आहे. रसायनशास्त्रात रमणाऱ्या मुलीला दहावीनंतर घरी बसवू नका. लग्नाचा एक मांडव कमी घाला, पण तिची फी भरा. आणि मुलांनो, प्रयोगवहीत दुसऱ्याचे उतरवून घेऊ नका. प्रयोग स्वतः करा.