विद्यापीठातली राईसप्लेट

१९४९ साली स्थापन झालेल्या पुणे विद्यापीठाच्या गणेशखिंडीतल्या आवारात वडाची जुनी झाडं आहेत, जयकर ग्रंथालय आहे, आणि विद्यार्थ्यांच्या जेवणाची सोय करणारी रिफेक्टरी आहे. नांदेड, बुलढाणा, धुळे अशा दूरच्या गावांहून आलेल्या मुलामुलींचं दुपारचं जेवण अशाच ठिकाणी होतं. दोन-तीन पोळ्या, एक पातळ भाजी, एक सुकी, वरण आणि भात. सकाळी पोहे, उपमा आणि चहा.

इथल्या जेवणाचे भाव बाहेरच्यापेक्षा कमी असावेत, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. खोलीभाडं आणि पुस्तकं यांच्यानंतर हातात जे उरतं, त्यातच जेवण बसवावं लागतं. आणि पैसे कमी पडले की मुलं पहिली काटछाट जेवणातच करतात.

आता थोडं आरोग्याचं. २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्यानुसार कॅन्टीनलाही नोंदणी किंवा परवाना लागतो. त्याचा चौदा आकडी क्रमांक दर्शनी भागात लावलेला असायला हवा. दिसला नाही तर जरूर विचारा. शिजवलेलं अन्न ६० अंश सेल्सिअसच्या वर गरम ठेवलं की त्यात जंतू सहसा वाढत नाहीत. सकाळचा भात दुपारपर्यंत उघड्यावर, कोमट राहिला, तर पोट बिघडण्याचा धोका वाढतो. म्हणून शक्यतो गर्दीच्या वेळी, ताज्या घाण्याचंच जेवावं. वाढणाऱ्या मावशींना विचारलं तर त्या सांगतात, पुढची पोळी कधी उतरणार ते.