स्वागताध्यक्षीय भाषण : मॅकेन्झीच्या मुखावरून



उत्तरेच्या दुर्गम पाणथळींच्या नकाशांवरची परिषद इनूविकला भरते आहे, हे उचितच आहे. मॅकेन्झी नदीच्या त्रिभुज प्रदेशातले अक्लाविक हे गाव पुराने आणि ढासळत्या काठाने बेजार झाले, तेव्हा कॅनडा सरकारने १९५४ मध्ये पूर्वेच्या फाट्यावरची ही उंच जागा निवडली. इथली घरे खांबांवर आहेत. कारण खालची गोठलेली जमीन उबेने वितळली की खचते. ही जमीन ज्यांना खरी कळली, ते ब्रदर मॉरिस लारोक. मूळचे सुतार, वास्तुशास्त्राचे शिक्षण नव्हते. तरी १९६० मध्ये पूर्ण झालेले आमचे इग्लूच्या आकाराचे चर्च त्यांच्याच आराखड्यावर उभे राहिले. त्यातली चित्रे मोना थ्रॅशर या इनुव्हिआलुइट समाजातल्या चित्रकर्तीने ऐन तारुण्यात काढली. पाहुणे घुमट पाहून थक्क होतात. भूमापकांनी मात्र गोठलेल्या जमिनीवर घातलेला त्या घुमटाखालचा खडीचा थर आवर्जून समजून घ्यावा. लारोक यांचे नाव गावाबाहेर फारसे कुणी घेत नाही, हा अन्याय आहे.

पुरामुळे निवडलेल्या या उंच जागेचा तुमच्या विषयाशी संबंध उंचीचा. या प्रदेशात हजारो तळी आहेत. कोणते तळे सदैव नदीशी जोडलेले राहील, कोणते फक्त बर्फ फुटतानाच्या पुरात भरेल, हे त्याच्या उंबरठ्याच्या, म्हणजे पाणी जिथून आत शिरते त्या काठाच्या, उंचीवर ठरते. म्हणून नुसती किनाऱ्याची रेषा पुरेशी नाही. उपग्रह आणि विमानातले लेसर असताना माणसे कशाला पाठवायची, असे कुणी म्हणेल. पण नेहमीचा लेसर पाण्याखालचा उंबरठा दाखवत नाही, खचणाऱ्या जमिनीवर जुनी उंची खोटी ठरते, आणि बर्फाचा बांध अडला की तेवढाच प्रवाह कितीतरी वर चढतो. दुसरा आक्षेप असा की, अक्लाविक तर अजून नांदते आहे, मग उंचीचा एवढा बाऊ कशाला? ते नांदते, कारण तिथल्या लोकांना पाणी कुठून येते ते ठाऊक आहे. असे ज्ञान स्थळनामांतही साठलेले असते; २०१३ मध्ये इथल्या ग्विचिन समाजाच्या स्थळनामांना अधिकृत मान्यता मिळाली. ते ज्ञान नकाशात यायलाच हवे.

निवासाच्या खोल्या अपुऱ्या आहेत, डास अनावर आहेत, मध्यरात्रीच्या उन्हाला पडदे पुरे पडत नाहीत. या सगळ्याबद्दल समिती मनापासून क्षमा मागते. नौका देणारे नावाडी, मासे आणि कॅरिबूचे मांस पुरवणारी कुटुंबे, खोल्या उघडून देणारे शिक्षक, इंधनाचा भार उचलणारे व्यापारी, रात्रभर स्वयंपाकघरात राबणाऱ्या भगिनी, या सर्वांचे ऋण मोठे आहे. एकच विनंती : तुमच्या मोजणीची एक प्रत अक्लाविकच्या गावकऱ्यांना द्या, आणि उंबरठ्यांच्या उंची त्यांच्यासोबत बसून तपासा.