शिधा नको, पान वाढा

श्रोतेहो, गावोगावच्या ग्रंथालयांनी आपली पुस्तकसूची संकेतस्थळावर चढवली, फार छान झालं. पण गूगलवर पुस्तकाचं नाव टाकलं तर ती सूची दिसत नाही, आणि मग कुरकूर सुरू: ‘गूगल मराठीला विचारत नाही.’ अहो, आधी आपली सूची उघडते कशी ते तर बघा! एक शोधपेटी असते. लेखकाचं नाव लिहायचं, ‘शोधा’ दाबायचं, मग डेटाबेसमधून पान तयार होऊन येतं. गूगलचा बॉट, म्हणजे पानं गोळा करत फिरणारा प्रोग्राम, तुमच्याआमच्यासारखी बटणं दाबत बसत नाही. तो लिंकवरून लिंकवर जातो. मोजक्या फॉर्ममध्ये शब्द भरून बघायचा प्रयोग गूगलने २००८ मध्ये केला होता, पण त्याच्या भरवशावर राहू नका. बटण नव्हे, लिंक!

दुसरी गोष्ट. पाहुण्याला वाढलेलं पान द्यायचं की शिधा? हल्लीची बरीच संकेतस्थळं शिधाच देतात. डाळ-तांदूळ घ्या आणि तुमच्या ब्राउझरच्या चुलीवर जावास्क्रिप्टने शिजवून खा! गूगलचा बॉटही रांधतो. २०१९पासून त्याच्याकडे क्रोमची ताजी चूल आहे. पण तो आधी शिधा उचलतो, रांधण्याचा नंबर मागाहून लागतो. त्यात बॉटाला कुठे मज्जाव आहे ते सांगणाऱ्या रोबॉट्स फाइलने स्क्रिप्टच अडवली असेल, तर डाळ कच्चीच. शिवाय सगळ्याच बॉटांकडे चूल असते असं नाही. तेव्हा पान सर्व्हरवरच वाढून द्या. तपासायचं कसं? पुस्तकाच्या पानावर उजवी क्लिक करून ‘पेज सोर्स’ उघडा आणि त्यात पुस्तकाचं नाव शोधा. नाव नाही, नुसता रिकामा डिव्ह, म्हणजे रिकामा कप्पा, आहे? मग तुम्ही शिधा देताय.

आणि हो, पत्ता! पुस्तक बदललं की वरचा पत्ताही बदलला पाहिजे. नुसता हॅशच्या पुढचा भाग बदलून चालत नाही, गूगल तो सहसा धरतच नाही. लेखकांची अ ते ज्ञ यादी करा, साध्या लिंकांची. जोडीला साइटमॅप, म्हणजे सगळ्या पानांच्या पत्त्यांची फाइल, द्या; एका फाइलमध्ये ५०,००० पत्ते मावतात, आपल्या ग्रंथालयाला पुष्कळ झाले. पुन्हा सांगतो: बटण नव्हे, लिंक.

कार्यक्रमांच्या कॅलेंडरात ‘पुढचा महिना’ची लिंक असते, तिच्यामागे बॉट वर्षानुवर्षं पुढे चालत राहतो, त्याचं काय करायचं... पण निवेदिका घड्याळ दाखवताहेत. तेव्हा एवढंच. उद्या तुमच्या संकेतस्थळवाल्याला फोन करा, विचारा: प्रत्येक पुस्तकाला स्वतःचा पत्ता आहे का? ‘सर्च करा, सापडेल’ हे उत्तर चालवून घेऊ नका.