लाकूड उजवीकडून डावीकडे



आज आपण घरच्या सुतारकामाविषयी बोलू. पूर्वी पाट, पोळपाट, पाळणा, देव्हारा सारे गावच्या सुताराच्या हातचे असे. वाकस, करवत, रंधा आणि पटाशी एवढ्या हत्यारांवर काम चाले. आता विजेवर चालणारी हत्यारेही आली आहेत. त्यांतले एक म्हणजे राउटर.

राउटर म्हणजे एक लहान मोटर. तिच्या टोकाला धारदार पाते बसवतात. त्याला बिट म्हणतात. ते मिनिटाला वीस हजारांहून जास्त फेरे घेऊ शकते. राउटर उलटा करून टेबलाखाली बसवला, की बिट टेबलाच्या भोकातून वर येते. त्याच्या पाठीमागे एक सरळ आडवी पट्टी असते. लाकूड त्या पट्टीला टेकवून पुढे सरकवायचे, की खालून सरळ खोबण पडते. हेच राउटर टेबल.

निवृत्त झाल्यावर आम्ही या कामाला लागलो. त्याला कारण घडले. एका पावसाळ्यात आमच्या घरातले कागद भिजले. सातबारा, रेशनकार्ड, मुलांचे शाळेचे दाखले, सारे ओले. तेव्हा ठरवले, कागदांसाठी चांगली पेटी करायची.

ती कशी केली, ते सांगतो.

अर्धा इंच, म्हणजे सुमारे १२ मिलिमीटर जाडीची, ४ इंच रुंद आणि ५ फूट लांब अशी सागवानी फळी घ्या. फळीचे चार तुकडे आधी करू नका. आधी खोबण पाडा, मग तुकडे करा. लांब फळी धरायला सोपी जाते आणि हात बिटापासून दूर राहतात.

६ मिलिमीटरचे सरळ बिट लावा. कडेपासून ६ मिलिमीटर सोडून खोबण पडेल, अशी मागची पट्टी घट्ट करा. खोबण ६ मिलिमीटर खोल हवी. ती एकदम काढू नका. आधी ३, मग आणखी ३. मोठा घास घेतला तर लाकूड करपते आणि यंत्र धक्का मारते.

आता पट्टी न हलवता फळीची टोके फिरवा. खालची बाजू खालीच ठेवा, पण दुसरी कड पट्टीला लावा. वरची खोबणही तेवढ्याच अंतरावर पडेल. खालची खोबण तळासाठी, वरची झाकणासाठी.

मग १६ इंचांचे दोन आणि ११ इंचांचे दोन तुकडे करा. टोके ४५ अंशांत कापा. खोबणी आतल्या बाजूला ठेवा. ११ इंचांच्या एका तुकड्याची वरची १२ मिलिमीटरची पट्टी कापून टाका. तिथून झाकण आत सरकेल. तळाला ६ मिलिमीटरचे प्लायवुड घ्या. पेटीच्या आतल्या मापाहून ते प्रत्येक बाजूला ५ मिलिमीटर जास्त ठेवा. तळ खोबणीत बसवून चारही कोपरे सरसाने चिकटवा आणि दोरीने रात्रभर आवळून ठेवा. झाकणाच्या कडांना मेणबत्ती घासली, की ते सहज सरकते.

पेटी झाली. पण आमच्या डाव्या हाताची तर्जनी पाहा. तिचे टोक नाही.

तेही सांगायलाच हवे. गावचे सुतार आमच्याकडे आले होते. ते म्हणाले, "गुरुजी, लाकूड उजवीकडून डावीकडे सारा. बिट उलटं फिरतंय, ध्यानात ठेवा." आम्ही मान डोलावली. आयुष्यभर मुलांना उजवे-डावे शिकवलेले. आम्हाला काय शिकवायचे? दुसऱ्या दिवशी घाईत आम्ही फळी डावीकडून घातली. बिटाने ती खस्‌कन ओढून नेली. फळी भिंतीवर आदळली आणि मागून ढकलणारा आमचा हात बिटावर पडला.

का झाले असे? वरून पाहिले तर बिट घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरते. उजवीकडून लाकूड सारले तर ते बिटाच्या फिरण्याला सामोरे जाते आणि पट्टीला दाबून राहते. डावीकडून सारले तर बिट त्याला पळवते. चूक यंत्राची नव्हती, आमच्या घमेंडीची होती.

म्हणून एवढे पाळा. बिट बदलताना आधी वायर काढा. बिट दांड्यापर्यंत पुरेसे आत घालून नीट घट्ट करा. डोळ्यांवर चष्मा आणि तोंडाला फडके बांधा. लाकडाची धूळ वाईट. पदर खोचा, बाह्या आवळा, बांगड्या काढा. हातमोजे घालू नका, ते बिटात अडकतात. शेवटची वीतभर फळी हाताने नव्हे, दुसऱ्या काठीने ढकला. आणि आधी रद्दी लाकडावर करून बघा.

ही यंत्रे महाग असतात. गावात दोघांतिघांनी मिळून एक घेतले तरी चालते. पण ज्याला त्याचे वळण माहीत आहे, त्याच्याकडून आधी शिका. लहान असो वा थोर, सांगणाऱ्याचे ऐकावे. आमच्या सुतारांचे आम्ही ऐकले असते, तर आज हे बोट पुरे असते.

ती पेटी आमच्या घरात आहे. आतले कागद कोरडे आहेत.