चार गल्ल्यांची गोष्ट
(भाषणाचा मजकूर)



लिव्हरपूल हे नाव आपल्या पूर्वजांना अपरिचित नव्हते. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे तेथील कापूस येईनासा झाला, तेव्हा वऱ्हाड-खानदेशचा कापूस मुंबईहून इंग्लंडच्या याच बंदरात उतरत असे. व्यापाराच्या बळावर वाढलेल्या या शहराची लोकसंख्या १९३१ साली सुमारे साडेआठ लाख होती. २००१ साली ती ४ लाख ३९ हजारांच्या आसपास उरली. मालवाहतुकीची रीत पालटली, दक्षिणेकडील गोद्या १९७२ मध्ये बंद पडल्या, १९८१ मध्ये साखर शुद्ध करण्याचा मोठा कारखानाही बंद झाला. काम गेले की माणसे जातात, आणि माणसे गेली की घरांना अवकळा येते.

या शहराच्या टॉक्स्टेथ भागात ग्रॅन्बी नावाची वस्ती आहे. विटांच्या जुन्या घरांच्या रांगा, मधून जाणारा दुकानांनी गजबजलेला रस्ता आणि नाना वंशांची कुटुंबे, असे तिचे पूर्वीचे रूप होते. बेकारी आणि पोलिसांविषयीचा रोष यांतून जुलै १९८१ मध्ये या भागात मोठी दंगल उसळली. पुढील काळात घरे ओस पडत गेली. नगरपालिकेने पुष्कळशी घरे ताब्यात घेऊन दारे-खिडक्या पत्रे ठोकून बंद केल्या आणि भोवतालच्या अनेक गल्ल्या पाडूनही टाकल्या. अखेर केअर्न्स, बीकन्सफील्ड, जर्मिन आणि ड्यूसी या चारच गल्ल्या शिल्लक राहिल्या. त्यांच्यावरही पाडापाडीची टांगती तलवार होती.

मागे राहिलेले रहिवासी संख्येने थोडे होते. परंतु त्यांनी गल्ली सोडली नाही. नगरपालिकेकडे अर्जविनंत्या आणि विरोध चालू होताच. पण त्याचबरोबर काहींनी हाती झाडू घेतला. प्रथम रस्ता झाडला. मग दारांसमोर कुंड्या मांडल्या, वेली चढविल्या. बंद घरांच्या खिडक्या रंगविल्या, भिंतींवर चित्रे काढली. महिन्यातून एकदा भर रस्त्यात बाजार भरू लागला. यासाठी कोणी कलावंत बोलावले नव्हते, की कोणाचा आदेश नव्हता. ज्या घरांची नोंद दप्तरी केवळ ‘रिकामी’ अशी होती, त्या घरांच्या शेजारी माणसे राहतात, एवढेच त्या रंगांनी जाहीर केले.

शासनाची पाडापाडीची योजना २०११ मध्ये संपुष्टात आली. त्याच वर्षी रहिवाशांनी सामाईक भूमी न्यास स्थापन केला. जमीन व घरे समाजाच्या मालकीची ठेवावीत आणि ती स्थानिक लोकांच्या ऐपतीबाहेर जाऊ देऊ नयेत, हा त्यामागील हेतू. न्यासाने केअर्न्स गल्लीतील दहा घरे दुरुस्तीस घेतली आणि या कामी ‘असेंबल’ हा लंडनचा तरुण रचनाकारांचा गट सोबतीस आला. या गटाने रहिवाशांच्या कामावर आपला आराखडा लादला नाही; जे आधीच चालू होते तेच पुढे नेले. घरांसाठी लागणाऱ्या काही वस्तू हातांनी घडविण्यात आल्या. पाडलेल्या बांधकामाचे तुकडे सिमेंटमध्ये मिसळून शेगडीभोवतीच्या चौकटी ओतल्या. त्यातूनच ग्रॅन्बी वर्कशॉप हा उद्योग उभा राहिला. ज्या राडारोड्याने वस्तीची शोभा घालविली होती, तोच आता रोजगाराचा कच्चा माल झाला.

डिसेंबर २०१५ मध्ये असेंबल गटाला या कामाबद्दल ब्रिटनचा प्रतिष्ठित टर्नर पुरस्कार मिळाला. ही कला की घरदुरुस्ती, असा वाद तेव्हा झाला. पुढे २०१९ मध्ये त्याच गल्लीतील दोन मोडकळीस आलेल्या घरांच्या आतील भिंती व मजले काढून तेथे काचेच्या छपराखाली सार्वजनिक बाग उघडण्यात आली.

या यशाची मर्यादाही सांगितली पाहिजे. दहा घरांनी संपूर्ण शहराची बेकारी हटत नाही. पाडलेल्या गल्ल्या परत आल्या नाहीत, आणि तेथून पांगलेली कुटुंबे पुरस्काराच्या बातमीने एकत्र आली नाहीत. शिवाय वस्ती नावारूपास आली की भाव वाढतात आणि ज्यांनी ती जपली त्यांनाच बाहेर पडावे लागते, हा धोका सर्वत्र असतो. म्हणूनच या कथेत चित्रांइतकेच न्यासाच्या दस्तऐवजाला महत्त्व आहे. रंगांनी वस्तीकडे लक्ष वेधले. मालकीच्या व्यवस्थेने ती राहणाऱ्यांच्या हाती ठेवली.

गिरण्या बंद पडलेली गावे आपल्याकडेही आहेत. अशा ठिकाणी भिंती रंगविण्याचा उपक्रम हाती घेण्यापूर्वी अधिकाऱ्यांनी, शिक्षकांनी आणि कार्यकर्त्यांनी एक गोष्ट अवश्य करावी: तेथे अजून कोण राहते आणि कोणी आपल्या दारासमोरचा रस्ता झाडून ठेवला आहे, हे पाहावे. कामाचा आरंभ त्याच दारापासून व्हावा.